हसूरचंपूचे विमानकार : डॉ. वि. मा. घाटगे

संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज या बाजूने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना हसूरचंपू हे नाव नवे नसेल. गडहिंग्लज तालुक्यातले हे एक खेडे. कर्नाटकाची हद्द जवळच, त्यामुळे बाजारहाटात मराठीबरोबर कन्नडही कानावर पडते असा हा टापू. या गावात २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. आपल्या देशात आखलेले, आपल्याच देशात बांधलेले आणि हवाई दलाच्या नित्य सेवेत दाखल झालेले पहिले विमान म्हणजे ‘एच. टी. २’. त्या विमानाचे अभिकल्पक, म्हणजे त्याचा आराखडा ज्यांच्या हाताखाली तयार झाला ते, हे घाटगे. बंगळूरच्या विमान कारखान्यात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्या भागात मात्र विश्वेश्वरय्यांचे नाव शाळकरी पोरांनाही पाठ असते आणि घाटगे म्हटले की कोणते घाटगे, कागलचे का, असा प्रश्न येतो. म्हणून हा लेख.

घाटगे जन्मले त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात राइट बंधूंपैकी विल्बर याने फ्रान्समध्ये आपले विमान प्रथमच लोकांसमोर जाहीरपणे उडवून दाखवले होते. माणूस खरोखर उडतो यावर युरोपचा विश्वास बसला तो तेव्हा. कोल्हापुरात त्या वेळी शाहू महाराजांची राजवट होती, शिक्षणाचे वारे वाहू लागले होते. पण गडहिंग्लजच्या परिसरातील एखाद्या मुलाने विमान करायचे म्हणावे असे आसपास काहीच नव्हते. नंतर ज्यात नाव मिळवायचे तो विषयच या मुलापेक्षा वयाने फारसा मोठा नव्हता. तरुणपणी त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या विज्ञानातील पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन्ही परीक्षा दिल्या आणि पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. त्या काळी हुशार मुलाने परदेशी जायचे म्हणजे विलायतेला, आणि तेही बहुधा बॅरिस्टर किंवा आय. सी. एस. होण्यासाठी, असा रिवाज होता. घाटगे गेले ते ग्योटिंगेनला.

ग्योटिंगेन हे लहानसे विद्यापीठाचे गाव; पण गणित आणि भौतिकशास्त्र यांची ती काशी होती. घाटगे यांचे मार्गदर्शक लुडविग प्रांटल हे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जातात. प्रांटल यांनी १९०४ साली मांडलेला सीमास्तराचा सिद्धान्त समजून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. वर्गातल्या पंख्याकडे पाहा. पंखा दिवसभर गरगर फिरतो, त्याच्या वाऱ्याने वहीची पाने उडतात. आणि त्याच पंख्याच्या पात्यावर मात्र धुळीचा थर जमलेला असतो. एवढ्या वाऱ्यात ती धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. पात्यापासून जरा दूर गेले की हवेचा वेग बदलतो. हा जो पृष्ठभागालगतचा पातळ थर, तोच सीमास्तर. विमानाच्या पंखावरही असाच थर असतो. तो पंखाला धरून नीट वाहत राहिला की विमान तरंगते. वैमानिकाने नाक फार वर उचलले की हा प्रवाह पंखाच्या पाठीवरून सुटतो, उचलून धरणारा जोर एकाएकी घटतो आणि विमान खाली येऊ लागते. नवशिक्या वैमानिकांचे बरेचसे अपघात या एका गोष्टीपायी होतात. पुढे घाटगे यांनी जे पहिले महत्त्वाचे विमान केले ते नवशिक्यांसाठीच होते, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

घाटगे जर्मनीत होते तो काळ बरा नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि मॅक्स बॉर्न, रिचर्ड कूरांट यांच्यासारख्या ज्यू प्राध्यापकांना ग्योटिंगेन सोडावे लागले. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या विमाननिर्मितीवर कडक बंधने घातली होती. त्यामुळे तेथील तरुणांनी बिनइंजिनाच्या विमानांवर, म्हणजे ग्लायडरवर, आपली सारी हौस आणि विद्या खर्च केली होती. १९३५ मध्ये जर्मनीने आपले हवाई दल उघडपणे उभे केले. बंधनात अडकलेल्या देशाने कागद, लाकूड आणि डोके यांच्या बळावर विमानविद्या कशी जिवंत ठेवली, हे त्या वेळच्या परदेशी विद्यार्थ्यांनाही दिसत असणारच. १९३६ मध्ये घाटगे यांना डॉक्टरेट मिळाली आणि ते भारतात परतले.

परतले खरे, पण कोठे? विमानविद्येचा डॉक्टर झालेला माणूस आणि देशात विमान बांधणारा एकही कारखाना नाही, अशी ती अवस्था होती. ही कोंडी फोडली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. म्हैसूरच्या राजवटीने जागा दिली, भांडवलात वाटा घेतला. यंत्रसामग्री आणि जाणकार माणसे अमेरिकेतून आली. महायुद्ध सुरू होते आणि ब्रिटिश सरकारलाही पूर्वेकडे विमाने हवीच होती. परदेशाहून आलेले सुटे भाग जोडून हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान १९४१ मध्ये तेथून उडाले आणि पुढच्या वर्षी कर्टिस हॉक हे लढाऊ विमान उडाले.

घाटगे या कारखान्याच्या आरंभीच्या माणसांपैकी. जोडणीचे काम चालू असतानाच तेथे त्यांनी एक ग्लायडर आखले. दहा माणसे बसतील असे, सैनिक वाहून नेणारे, लाकडी बांधणीचे. ‘जी-१’ असे त्याचे नाव. एकच नग झाला, पुढे मागणी आली नाही. कारखान्याच्या इतिहासात त्याला एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. मला मात्र ते ग्लायडर महत्त्वाचे वाटते. भोवती सारे लोक परक्यांच्या आराखड्यावरून विमाने जोडत होते, त्या शेडमध्ये कोरा कागद घेऊन बसलेले हे पहिले काम होते. ग्योटिंगेनच्या शिक्षणाचा आणि बंगळूरच्या सुतारांचा तेथे मेळ बसला.

हा मेळ फार दिवस टिकला नाही. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात आल्या, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखान्याचे व्यवस्थापन अमेरिकन सैन्याकडे गेले. तेथे आता दुरुस्तीचे काम चालणार होते, आराखड्याला वाव उरला नव्हता. त्या सुमारास, डिसेंबर १९४२ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे तेथील लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तेथे, विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. देशात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी ती पहिलीच सोय. पुढे ज्या विभागात सतीश धवन यांनी शिकवले, तो विभाग मुळात उभा करण्याचे काम घाटगे यांनी केले. युद्धाच्या दिवसांत पुस्तके वेळेवर मिळत नव्हती आणि उपकरणे मागवायची तर जहाजांचा भरवसा नव्हता. तरी १९४८ पर्यंत त्यांनी तेथे विद्यार्थी घडवले. कारखान्याला पुढे लागणाऱ्या माणसांचे पहिले पीक या वर्गांतून निघाले.

युद्ध संपले, अमेरिकन गेले आणि कारखान्यापुढे प्रश्न उभा राहिला की आता करायचे काय. हजारो कामगार, मोठमोठ्या शेड, आणि विमानाची मागणी शून्य. हा भाग वाचताना आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हसूही येते आणि आदरही वाटतो; कारण हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्या दिवसांत रेल्वेचे डबे बांधले, बसचे सांगाडे बांधले. स्थिर खर्च अंगावर असताना क्षमता रिकामी ठेवू नये हा धडा आम्ही परिव्यय लेखांकनाच्या तासाला शिकतो, तो त्यांनी असा गिरवला. त्याच काळातली आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. परत जाणाऱ्या फौजांनी कानपूरला लिबरेटर जातीची मोठी बॉम्बफेकी विमाने टाकून दिली होती. कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली होती. १९४८ मध्ये हवाई दलाला अशा विमानांची गरज भासली, तेव्हा कारखान्याची माणसे कानपूरला गेली, कामापुरती डागडुजी केली, आणि कारखान्याचे वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत आणली. चाळीसहून अधिक लिबरेटर अशी भंगारातून उठून हवाई दलात गेली आणि जवळजवळ वीस वर्षे चालली. मुन्शींचे नाव ध्यानात असू द्या, पुढे ते पुन्हा यायचे आहे.

१९४८ मध्येच घाटगे प्रमुख अभिकल्पक म्हणून कारखान्यात परत आले. स्वतंत्र भारताला स्वतःचे विमान हवे, हे सर्वांना मान्य होते. कोणते हवे, यावर मते निघाली असती तर लढाऊ विमानाला जास्त पडली असती. नव्या सरकारने या कारखान्याला आखायला सांगितले ते दोन आसनी प्रशिक्षण विमान. ज्यावर वैमानिक पहिले धडे घेतो, ते.

या निवडीमागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. त्या वेळी हवाई दलाच्या शिकाऊ उमेदवारांसाठी टायगर मॉथ ही जुनी दुपंखी विमाने होती आणि इंग्लंडच्या पर्सिव्हल कंपनीचे प्रेंटिस हे विमान परवान्याखाली बंगळूरला जोडण्याचे काम सुरू झाले होते. परवाना घेतला की आराखडे मिळतात, साचे मिळतात, विमान लवकर हाती येते. पण पंखाची ती एक कड तशीच का वळवली, तो खांब तेवढाच जाड का ठेवला, हे आराखड्यात लिहिलेले नसते. ते ज्याने गणित केले त्याच्या डोक्यात राहते. परवान्याचे पैसे पौंडात मोजायचे, सुटे भाग पौंडात घ्यायचे आणि काही बदल करायचा झाला तर पुन्हा मूळ कंपनीची परवानगी मागायची. लहान विमान स्वतः आखले तर ‘का’ हे आपल्याला कळते, चूक झाली तर ती परवडते, आणि शंभर-दीडशे नगांची मागणी घरचीच असते. तंत्रज्ञ तयार करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होता असे मला वाटते. त्यात मिरवण्यासारखे मात्र काही नव्हते.

एच. टी. २ कसे होते ते सांगतो. पुढे-मागे दोन आसने, एकात शिष्य आणि दुसऱ्यात गुरू. खालच्या बाजूला बसवलेला एकच पंख, संपूर्ण धातूची बांधणी, न मिटणारी दोन चाके आणि शेपटीखाली एक लहान चाक. पंखाचा विस्तार १०.७२ मीटर, लांबी साडेसात मीटर, उडताना जास्तीत जास्त वजन एक टनाच्या आसपास. पहिल्या नमुन्याला १४५ अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन होते. नंतरच्या विमानांना १५५ अश्वशक्तीचे सायरस मेजर बसले. इंजिने दोन्ही विलायतीच. कमाल वेग ताशी सुमारे २०९ किलोमीटर, म्हणजे आजच्या चांगल्या मोटारीच्या जवळपास.

आकडे वाचून कोणी म्हणेल, यात काय मोठे? पण शिकाऊ विमान आखणे ही विचित्र कसरत आहे. लढाऊ विमान तरबेज हातात पडते. शिकाऊ विमान रोज अशा हातात पडते जो चुकणारच आहे. तो जमिनीवर आपटल्यासारखा उतरणार, म्हणून चाकांचा सांगाडा भक्कम हवा. तो नाक जास्त उचलणार, तेव्हा वर सांगितलेला हवेचा प्रवाह पंखावरून सुटणार. तो एकदम न सुटता आधी विमान थरथरून इशारा देईल असे व्हायला हवे. विमान भोवऱ्यासारखे गिरक्या घेत खाली जाऊ लागले तर नेहमीच्या उपायाने ते सावरले पाहिजे. उलटपक्षी विमान इतकेही गरीब असू नये की शिष्याला चुकल्याचे कळणारच नाही. कोलांट्या, गिरक्या, सारे त्यावर शिकवता आले पाहिजे. या परस्परविरुद्ध मागण्या जुळवणे हेच अभिकल्पकाचे काम. हे सारे गणित हातांनी, घसरपट्टीच्या मोजपट्टीवर आणि लॉगच्या कोष्टकांवर केले जाई, कारण तेव्हा संगणक नव्हता. शेकडो रेखाचित्रे हाताने काढावी लागत. ती काढणारी माणसे नवखी होती.

५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळूरच्या धावपट्टीवरून एच. टी. २ प्रथम उडाले. चालवत होते कॅप्टन मुन्शी. मोडक्या लिबरेटर कानपूरहून आणणाऱ्या माणसानेच हे कोरे विमान वर नेले. दुसरा नमुना १९५२ मध्ये उडाला आणि पुढच्या वर्षांत विमान हवाई दलात आणि मुलकी प्रशिक्षण केंद्रांत रुजू झाले. दीडशेहून अधिक एच. टी. २ बांधली गेली. घानाने स्वातंत्र्यानंतर आपले हवाई दल उभे केले, तेव्हा तेथेही ही विमाने गेली. परक्यांच्या आराखड्यावर जगणाऱ्या कारखान्याने दहा-अकरा वर्षांत आपल्या आराखड्याचे विमान दुसऱ्या देशाला दिले. तीस-पस्तीस वर्षे आपल्या हवाई दलातील वैमानिकांच्या पिढ्यांनी पहिले धडे या विमानावर गिरवले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत उडालेल्या कित्येकांचा श्रीगणेशा घाटगे यांच्या विमानात झालेला होता.

एच. टी. २ वर टीका झाली नाही असे नाही. ते त्याच काळातील परदेशी चिपमंकसारखे दिसते असे लोक म्हणत, आणि ते खरेच तसे दिसते. दोन आसने, लहान इंजिन, तेच काम. मग रूपही बरेचसे तेच येणार. बैलगाड्याही सगळ्या गावांत साधारण सारख्याच असतात. विलायती इंजिनावरची टीका मला अधिक वजनदार वाटते. विमानाचा सांगाडा आपला पण हृदय परक्याचे, ही अडचण घाटगे यांच्या प्रत्येक विमानाला लागू पडली आणि पुढे ती फार महाग पडली.

त्यानंतर दोन साधी विमाने झाली. सप्टेंबर १९५८ मध्ये उडालेले पुष्पक हे ९० अश्वशक्तीचे, शेजारी शेजारी दोन आसनांचे, कापडाने मढवलेले, वरच्या पंखाचे विमान फ्लाइंग क्लबांसाठी होते. दीडशेच्या आसपास पुष्पके बांधली गेली आणि देशभरच्या क्लबांत हौशी तसेच व्यावसायिक वैमानिक त्यावर शिकले. पाठोपाठ १९५९ मध्ये आले कृषक. नावावरून शेतीचे वाटते. प्रत्यक्षात ते लष्कराच्या तोफखान्याला वरून टेहळणी करून देणारे विमान होते. विमान सामान्य माणसाच्या जवळ आले ते अशा साध्या यंत्रांमुळे.

लढाऊ विमानाची पाळी मधल्या काळात आलीच होती. १९५६ मध्ये सरकारने प्रसिद्ध जर्मन अभिकल्पक कुर्ट टांक यांना बंगळूरला आणले. दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ १९० हे नावाजलेले लढाऊ विमान टांक यांचे. युद्धानंतर ते अर्जेंटिनाला गेले होते आणि तेथून आपल्या काही सहकाऱ्यांसह भारतात आले. टांक यांना येथे जो आराखडा विभाग मिळाला त्यात तेव्हा साठाच्या आतच माणसे होती आणि ज्येष्ठ अभिकल्पक तर बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या पदरी अनुभव एकाच विमानाचा, एच. टी. २ चा. एवढ्या भांडवलावर ध्वनीच्या वेगाशी स्पर्धा करणारे लढाऊ विमान करायला निघणे म्हणजे मोठेच धाडस. पण ते एक विमान नसते तर टांक यांना सुरुवात कोणाबरोबर करायची हा प्रश्नच पडला असता. या विभागाचे भारतीय नेतृत्व घाटगे यांच्याकडे होते. ग्योटिंगेनला शिकल्यामुळे पाहुण्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणेही त्यांना अवघड नव्हते.

आधी त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर करून १९५९ मध्ये ते उडवून पाहिले आणि १७ जून १९६१ रोजी मरुत हे जेट लढाऊ विमान प्रथम झेपावले. चालक होते हवाई दलाचे चाचणी-वैमानिक सुरंजन दास. मरुतची कथा अर्धी यशाची आणि अर्धी हळहळीची आहे. त्याच्यासाठी योजलेले अधिक शक्तिमान ब्रिटिश इंजिन इंग्लंडने अर्ध्यावर सोडले आणि पुढचा विकासखर्च उचलायला आपले सरकार तयार झाले नाही. मग लहान इंजिनांवरच भागवावे लागले आणि सांगाड्याच्या योग्यतेचा वेग त्याला कधीच गाठता आला नाही. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर मरुतने जमिनीवरील लक्ष्यांवर चांगली कामगिरी बजावली. पण एकूण दीडशेला थोडीच कमी विमाने झाली आणि १९९० पर्यंत मरुत निवृत्त झाले. तेव्हा वाचवलेला विकासखर्च आणि नंतर परदेशी विमानांवर गेलेले परकीय चलन यांची तुलना कोणीतरी मांडायला हवी. आमच्या शाखेच्या एखाद्या प्रकल्पाला हा विषय शोभेल.

घाटगे यांचे शेवटचे मोठे काम मात्र निर्विवाद यशस्वी झाले. एच. टी. २ वर प्राथमिक धडे झाले की शिष्याला जेटची सवय करून द्यायची. त्यासाठी जुनी व्हॅम्पायर वापरली जात. त्यांच्या जागी घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखले गेले किरण. ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनीच ते प्रथम उडवले. याच दासांना पुढे जानेवारी १९७० मध्ये मरुतच्या एका चाचणी-उड्डाणात मृत्यू आला, आणि बंगळूरच्या कारखान्याजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. किरणमध्ये गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतात. शिष्याचा हात कोठे चुकतो आहे हे गुरूला डोळ्यांनी दिसते. १९६८ पासून ते हवाई दलात आले आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ चालले. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलेही असेल. बीदरच्या तळावरील ‘सूर्यकिरण’ हे कसरती करणारे पथक १९९६ ते २०११ पर्यंत याच विमानांवर आकाशात रेघा काढत असे. त्या विमानांचा मूळ आराखडा हसूरचंपूच्या माणसाच्या देखरेखीखाली झाला हे त्या गर्दीत किती जणांना माहीत होते, देव जाणे.

१९६५ मध्ये भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली. त्याच्या आदल्या वर्षी, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, कारखान्याचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स असे नामांतर झाले होते आणि नाशिकजवळ ओझरला रशियन मिग विमाने परवान्याखाली बांधण्याची तयारी चालली होती. परवान्याचे दिवस पुन्हा आले होते. मिगची गरज खरी होती, चीनचे युद्ध नुकतेच होऊन गेले होते आणि शत्रू वाट पाहत नाही. तेव्हा हा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. पण परवान्याच्या कामात आराखडा विभागाला काम उरत नाही. कंपनीच्या ताळेबंदात इमारती दिसतात, यंत्रे दिसतात, त्यांच्यावरचा घसारा दरसाल दिसतो. वीस वर्षे एकत्र काम करून तयार झालेला अभिकल्पकांचा संच कोणत्याच रकान्यात दिसत नाही, आणि म्हणून तो विखुरला तरी तोटा नोंदवला जात नाही. घाटगे यांनी बंगळूरला विमाने केली त्यापेक्षा हा संच केला हे मला जास्त मोठे वाटते.

निवृत्तीनंतरही घाटगे यांचे बिऱ्हाड बंगळूरलाच राहिले. उभे आयुष्य कानडी मुलुखात काढलेला हा मराठी माणूस ६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, निवर्तला. त्यांच्या नावे एरोनॉटिकल सोसायटी पुरस्कार देते आणि बंगळूरला कारखान्याच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. कारखान्याच्या संग्रहालयात एच. टी. २, मरुत आणि किरण अशी त्यांची विमाने उभी आहेत. सहलीला बंगळूरला जाणाऱ्यांनी लालबागेबरोबर तेथेही एक तास द्यावा.

ते गेले तेव्हा स्वदेशी लढाऊ विमान पुन्हा कागदावर आले होते. तेजस म्हणून आपण जे ओळखतो, ते ४ जानेवारी २००१ रोजी उडाले. म्हणजे मरुतच्या पहिल्या उड्डाणानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. मधल्या काळात एच. टी. २ ची जागा घेण्यासाठी कारखान्याने दीपक हे विमान केले होते. त्याचे इंजिन वारंवार दगा देई आणि २००९ मध्ये अपघातानंतर ते जमिनीवर बसवावे लागले. मग नवशिक्यांना शिकवायला प्राथमिक प्रशिक्षण विमानच उरले नाही आणि २०१२ मध्ये ७५ पिलाटस विमाने स्वित्झर्लंडहून विकत घेण्याचा करार करावा लागला. जे काम १९५१ मध्ये घरी झाले होते, त्यासाठी साठ वर्षांनी आपण परक्याच्या दारात गेलो. कारखान्याच्या अभियंत्यांनी मात्र हट्ट सोडला नाही. हवाई दलाची मागणी हातात नसताना कंपनीने स्वतःचा पैसा घालून नवे प्राथमिक प्रशिक्षण विमान आखायला घेतले. एच. टी. टी. ४० हे ते विमान ३१ मे २०१६ रोजी प्रथम उडाले आणि २०२३ मध्ये सरकारने अशी ७० विमाने घेण्यास मंजुरी दिली. पहिले उड्डाण झाले ते बंगळूरच्या त्याच कारखान्याच्या धावपट्टीवरून, जेथून पासष्ट वर्षांपूर्वी मुन्शींनी एच. टी. २ वर नेले होते.